रिकाम्या ओट्यावरचा स्वयंपाक

माझ्या स्वयंपाकघरात नवीन बाई आली की ती ओट्याकडे बघते आणि हमखास विचारते, "मॅडम, तुमचे बोर्ड असे उलटे काहून?" उलटे म्हणजे, चारचौघींच्या घरी मिक्सरच्या बटनाचा बोर्ड उजव्या हाताला असतो, माझ्याकडे डाव्या. मी डावखुरी आहे. आईने लहानपणी हातावर पळी मारून मारून मला उजव्या हाताने जेवायला लावलं, शाळेत फळ्यावरही मी उजव्याच हाताने लिहिलं, त्यामुळे जगाच्या लेखी मी उजवीच. पण कढई ढवळायची, मिक्सरचं झाकण दाबायचं, पोळी उलटायची ती डाव्या हाताने. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. आमच्या लाखनीच्या डोमाभाऊ वायरमनला ते पंधरा मिनिटांत कळलं, आणि तेव्हा ओट्यावर गॅस नव्हता, भांडं नव्हतं, नुसता सिमेंटचा धुराळा होता.

घर बांधायला काढलं तेव्हाची गोष्ट. आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांनी आलेखाच्या कागदावर स्वयंपाकघराचा नकाशा काढला, लाल शाईने पॉइंट दाखवले आणि मोठ्या ऐटीत डोमाभाऊंच्या हातात दिला. डोमाभाऊ म्हणजे काडीसारखा माणूस. खाकी पँट, खिशाला पेन लावावा तसा टेस्टर लावलेला, चष्म्याची एक काडी लाल वायरने बांधलेली. त्यांनी कागद नीट पाहिला, नीट घडी घातली आणि परत दिला.

"सर, कागद मस्त हाय. आता तुमी बाहेर खुर्ची टाकून बसा."

"अहो, पण पॉइंट कुठे काढायचे ते..."

"ते सैपाक करणारानं सांगाचं. तुमी करता का सैपाक?"

हे बाहेर जाऊन बसले. मला हसू आवरेना. पण माझी पाळी यायची होती.

"हं मॅडम, करा सैपाक."

"कशाचा? डोंबलाचा? इथे काय आहे?"

"वरण, भात, एक भाजी, जवसाची चटणी. सणावाराचा नोको. रोजच्यावानी करा."

त्यांनी ओट्यावर विटा मांडल्या. दोन विटा म्हणजे गॅस, एक उभी वीट म्हणजे मिक्सर, अर्धी वीट म्हणजे पाण्याचा फिल्टर. हातात कोळशाचा तुकडा घेऊन ते कोपऱ्यात उभे राहिले. मी चांगलीच तापले. शाळेची वेळ होत आलेली, आणि हा बाबा मला भातुकली खेळायला लावतोय! पण ते हललेच नाहीत. "पंधरा मिनिटं, मॅडम. जल्मभर त्याच ओट्यापाशी उभं राहाचं हाय तुमाले." मग मी दात-ओठ खात नसलेले तांदूळ धुतले, नसलेल्या नळाखाली नसलेली भाजी धरली, नसलेली फोडणी दिली. गंमत अशी की पाच मिनिटांत मी खरंच त्या स्वयंपाकात शिरले. मीठ घातलं का नाही म्हणून एकदा थबकलेसुद्धा.

"डाव्या हातानं चालते तुमचं," कोपऱ्यातून आवाज आला, आणि भिंतीवर कोळशाची फुली पडली.

मग त्यांची परीक्षा. "एक हात नळावर ठेवा. आता दुसरा हात फुलीकडे न्या. पुरते का?"

"नाही पुरत."

"टाचा उचला. वाका. अजून."

"नाही हो पुरत, डोमाभाऊ!"

"मंग जमलं. पाण्यातला हात अन् बोर्डावरचा हात, दोन्ही एकाच टायमाले पुरले नाही पाह्यजे. पुरले त जागा बदलाची. घर बदलाची पाळी आली तरी चालन."

असे त्यांचे पुष्कळ कायदे होते. गॅसच्या मागे पॉइंट नाही म्हणजे नाही. गरम कढईवरून हात नेऊन बटन दाबायची पाळी बाईवर यायला नको. फ्रिजचं बटन फ्रिजच्या मागे नाही. शॉक लागायला लागला तर फ्रिज सरकवून बटन शोधणार का? रांगतं लेकरू बोट घालील तिथे काही नाही. ओट्यावर बोर्ड घ्यायचा तो वीतभर वर, म्हणजे ओटा धुताना पाणी उडणार नाही. आणि काम संपल्यावर ते पोरापासून म्हातारीपर्यंत घरातल्या प्रत्येकाला मीटरपाशी नेऊन मेन स्विच खाली पाडायला लावायचे. स्वतःच्या हाताने, एकदा नाही, तीनदा. माझ्या सासूबाई ऐंशीच्या होत्या, त्यांनाही स्टुलावर चढवलं. "आजी, कोणी चिटकलं त त्याले हात नाही लावाचा. धावत याचं अन् हे खाली पाडाचं." सासूबाईंनी मेन पाडला, घरभर अंधार झाला आणि त्या लहान मुलीसारख्या खुश झाल्या.

हे सगळं डोमाभाऊ कुठून शिकले ते मला ठाऊक होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यांची मुलगी वर्षा चौथीत माझ्या वर्गात होती.

तेव्हा डोमाभाऊ तरुण होते, हाताला फार काम होतं आणि डोक्यात त्याची हवाही होती. त्यांनी स्वतःच्या घराला स्वयंपाकाची खोली बांधली. बायकोला, कौसल्याला, नवा मिक्सर आणला. बोर्ड कुठे घ्यायचा यावर नवरा-बायकोची बोलाचाली झाली. डोमाभाऊंना दाराजवळ सोयीचं होतं, वायर कमी लागत होती. कौसल्या म्हणाली, "अठी नोको जी, अठी माहे पाण्याचे गुंड राह्यतेत. हात वलाच राह्यते माहा." डोमाभाऊ म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? वायरमन तू हायेस का मी?" वर्षा तिथेच पाटीवर पाढे लिहीत बसली होती.

दोन महिन्यांनी कौसल्या गुंडातलं, म्हणजे पितळी घागरीतलं, पाणी काढून तशीच ओल्या हाताने मिक्सरची पिन लावायला गेली. डोमाभाऊ एका लग्नाच्या मांडवात लायटिंगला गेले होते. वर्षा किंचाळली, शेजारपाजार धावून आला, पण मेन कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. जगाला उजेड देणाऱ्याने आपल्या घरात कोणाला मेन दाखवलाच नव्हता. तो सापडेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी गेले तेव्हा पोर भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. सगळ्या आयाबायांच्या देखत बापाकडे बोट करून म्हणाली, "आईनं सांगतलं होतं याइले." बस, एवढंच. मामाने तिला आपल्या गावी, साकोलीकडच्या एकोडीला नेलं. तिथेच ती वाढली, तिथेच तिला दिलं. बापाशी ती त्या दिवसानंतर कित्येक वर्षं एक शब्द बोलली नाही. लग्नात डोमाभाऊ मांडवाच्या मागच्या रांगेत बसून अक्षता टाकून आले. अपघात तिने कदाचित माफ केला असता. 'तुले काय समजते' हे तिला गिळता आलं नाही.

डोमाभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. ते एकटे राहायचे, हाताने भात टाकून खायचे. आणि उभ्या तालुक्यातल्या बायांना रिकाम्या ओट्यावर स्वयंपाक करायला लावायचे. लोक हसायचे. "डोमाभाऊ बायाइची परीक्षा घेते," म्हणायचे. घेऊ द्या! मी म्हणते, आमच्याकडे बाईला स्वयंपाकघराबद्दल कोण विचारतं? रंग विचारतील, टाइल्स विचारतील फार तर. तू कुठे उभी राहतेस, तुझा हात कुठे जातो, हे विचारणारा मी तरी हा एकच पुरुष पाहिला.

हायवेवरच्या एका दुकानदाराच्या बंगल्यातला किस्सा तर लाखनीत पुष्कळांना माहीत आहे. त्या घरची सून नवीन. सासरा समोर, दीर समोर, डोक्यावर पदर, खाली मान. ती काय स्वयंपाक करून दाखवणार? डोमाभाऊंनी सगळ्यांना बाहेर काढलं. तरी ती हलेना, कारण डोमाभाऊ परके. तेव्हा हा माणूस तिच्याकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभा राहिला. "बाई, मी पाहत नाही. तू कर सैपाक, मी आयकतो." आणि नुसत्या बांगड्यांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं की ती कुठे उभी राहते, कितीदा वळते, वाकते कुठे. मध्येच म्हणाले, "तू लय वाकतेस वं. ओटा तुले ठेंगणा झाला." ओटा खरंच चार बोटं ठेंगणा होता. बुटक्या सासऱ्याच्या मापाने बांधला होता म्हणे, जो आयुष्यात कधी ओट्यापाशी उभा राहिला नव्हता. डोमाभाऊंनी गवंड्याला बोलावून तो वाढवायला लावला, मग बोर्ड घेतले. त्या सुनेने पुढे मला सांगितलं, सासरी आल्यापासून कोणी माझं काही ऐकलं असेल तर ते त्या दिवशी.

उन्हाळा लागला की त्यांचं आणखी एक खूळ. घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा असतो ना, त्यात मीठ-कोळसा भरलेला. तो वाळला की अर्थिंग नावापुरतं राहतं. चैत्र-वैशाखात डोमाभाऊ सायकलला पाण्याची कॅन अडकवून, आपण वायरिंग केलेल्या घरोघर जायचे आणि खड्ड्यात पाणी ओतायचे. न सांगता, न बोलावता. कुत्री भुंकायची, लोक चोर समजायचे. भर दुपारी आमच्या परसात खुडबुड झाली की हे झोपेतूनच म्हणायचे, "डोमाभाऊ असतील." मी चहा केला की घ्यायचे. घोट दोन घोट झाले की कपाकडे बघत विचारायचे, "एकोडीकडचं काही समजलं का, मॅडम?"

वर्षा मला अधूनमधून फोन करायची, हे त्यांना माहीत होतं. मी असेल ते सांगायचे. मुलगा झाला. धानाची रोवणी आटोपली. सासू गेली. ते ऐकून घ्यायचे, कप विसळून ठेवायचे आणि सायकल काढायचे. दर वेळी माझा जीव तुटायचा.

मग एके दिवशी सांगायला मोठी बातमी आली. वर्षा नवीन घर बांधत होती.

डोमाभाऊ खुर्चीवरून ताडकन उठले. "तिचा ओटा कोण्या बाजूले येते, मॅडम? नळ कोणीकडे? विचाराल का?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मले करू देईन का वं ते?"

मी विचारलं. वर्षा फोनवरच भडकली. "नाही मॅडम. साकोलीचा वायरमन लावला हाय. त्याइचा हात माह्या घराले नाही लागाचा." मी समजावलं, मग रागावले, मग चक्क ओरडले. पाहुण्यांना बोलावशील, गावाला जेवू घालशील आणि बापाला नाही? शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हणता म्हणून बोलावतो. पण पाव्हण्यासारखं याचं अन् पाव्हण्यासारखं जाचं."

अक्षय तृतीयेला वास्तू होती. डोमाभाऊंनी नवीन शर्ट घेतला, नातवाला बॅट घेतली, टेस्टर घरी ठेवला. बसमध्ये ते मला तीनदा म्हणाले, "मी कुठीच नाही पाहणार, मॅडम. भिताडाकडे तर पाहणारच नाही."

जेवायला आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं, घरच्या माणसांसारखं. वर्षाने स्वतः वाढलं. बापाच्या ताटात पातोडीचा रस्साही तिनेच वाढला. डोमाभाऊंचे डोळे ताटात. भात कालवत होते, जेवत होते. मग तिने पाणी घ्यायला नळ सोडला आणि त्यांनी मान वर केली. सवयच ती, किती दाबणार!

बोर्ड नळाच्या अगदी शेजारी होता. वीतभरही अंतर नव्हतं. मिक्सर तिथेच लावलेला.

घास ताटात ठेवून ते अगदी हळू म्हणाले, "बाई, हा बोर्ड इथी कोणं सांगतला?"

"मी सांगतला," वर्षा म्हणाली. "मले इथीच सोईचं हाय."

"मी सरकवून देतो. दोन तासाचं काम. नाही तर... नाही तर मेनमधी एक ट्रिप स्विच तरी बसवू दे, शॉक लागला का आपोआप बंद पडते. बाहेरच्या बाहेर. घरात पायही नाही ठेवत मी."

बाहेरच्या पंगतीतले पाहुणेही जेवायचे थांबले. वर्षाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"आईनं सांगतलं तवा तुमी आयकलं होतं का? मंग आता मी काहून आयकू?"

जावई मध्ये पडला. गरीब माणूस, "अवं वर्षा, जाऊ दे ना" म्हणत राहिला. डोमाभाऊ उठले नाहीत. पानावरून उठणं म्हणजे तिच्या अन्नाचा अपमान, एवढं भान त्यांना होतं. त्यांनी सगळं ताट संपवलं, शितसुद्धा ठेवलं नाही. अंगणात हात धुतले, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मी मात्र वर्षाला दारात गाठून सोडलं नाही. "तुझी जीभ झडेल एक दिवस," म्हणाले. आता वाटतं, मीच जरा गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर डोमाभाऊ लाखनीत दिसेनासे झाले. कामं घेईनात. बाया यायच्या, घरं बांधून तयार, डोमाभाऊंचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणत, "सकाळी जमत नाही." सकाळी कुठे जातात ते मला मार्गशीर्षात कळलं. एकोडीला माझ्या एका जुन्या सहकारी बाईंकडे बारसं होतं. काळीपिवळी जीपमधून चौकात उतरले, तर समोर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर मफलर गुंडाळून डोमाभाऊ. आणि रस्त्याच्या पलीकडे वर्षाचं घर.

"अहो, इथे काय करताय?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "काही नाही. चाय पेऊन राहिलो."

"लाखनीला चहा मिळत नाही?"

मग हळूहळू बोलले. ती साडेदहाला चटणीचं वाटण करते. मिक्सर लागतो तेवढाच धोका, एरवी तो बोर्ड कामात येत नाही. हे त्यांनी दोन-चार दिवस बसून पाहून ठेवलं होतं. मेन वऱ्हांड्यात आहे, बाकड्यापासून बारा पावलं. "काही झालं त मेन पाडाले कोणीतरी जवळ पाह्यजे ना, मॅडम. तवा कोणी नव्हतं."

"रोज येता?"

"रोज वाटते ना चटणी ते."

अक्षय तृतीयेपासून मार्गशीर्षापर्यंत. उन्हात, पावसात, रोवणीत, कापणीत. लाखनीहून साकोली बसने, साकोलीहून काळीपिवळीने, आणि तसंच परत. मला रडू आलं आणि रागही आला. "सरळ घरात जा ना! बाप आहात तुम्ही तिचे!"

"पाव्हणा रोज नाही जात, मॅडम."

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून मिक्सरचा आवाज आला. डोमाभाऊंनी माझ्याशी बोलणं तोडलं. मान वर करून, कप हातात तसाच धरून ते खिडकीकडे बघत राहिले. एक पाय पुढे घेतलेला, उठायच्या बेतात. आवाज थांबला. त्यांनी उरलेला गार चहा एका घोटात संपवला. "झालं. निंगतो आता. तुमाले माही शपथ हाय, तिले सांगू नोका. कोण्या गोष्टीची चीड येईन तिले काही सांगता नाही येत." आणि काळीपिवळीला हात करून मागच्या सीटवर दाटीवाटीत बसले. मी डोमाभाऊंना जिवंत पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

शपथ मी पाळली. कधी कुणाचं न ऐकणारी मी, पण नेमकं तेव्हाच ऐकलं.

पौषातल्या एका सकाळी लाखनीच्या बसस्टँडवर, साकोलीच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि डोमाभाऊ तसेच मागे कोसळले. आमचे हे दूध आणायला गेले होते, ते धावले. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. वर्षाला कळवायचं काम माझ्याकडे आलं. फोन लावायला मला बराच वेळ धीर होईना. शेवटी लावला, तर पलीकडे मिक्सरचा घरघराट, एक शब्द ऐकू जाईना. मी तीनदा "वर्षा, वर्षा" केलं आणि मग खेकसले, "आधी तो मिक्सर बंद कर!" तिने केला. मी सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

ती आली, सगळं रीतसर केलं. अस्थी कारध्याला वैनगंगेत सोडल्या, तेव्हाही डोळ्यांत टिपूस नाही. मला ते सहन होईना. तेरवी झाल्यावर मी मुद्दाम एकोडीला गेले. शपथ आता संपली होती. हिला सगळं सांगायचं, तुझा बाप आठ महिने रस्त्यावर बसून तुझी राखण करत होता हे तोंडावर फेकायचं, चांगलं रडवायचं, या इराद्याने गेले.

तिने मला आत नेलं, पाट दिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर ओट्यावर गेली. नळाशेजारी भिंत कोरी होती. प्लास्टरचा चौकोन, त्यावर रंगही जुना झालेला. बोर्ड पार पलीकडच्या भिंतीवर, नळापासून दोन हात लांब.

"हा केव्हा बदलला?"

"पोळ्याच्या आधी."

पोळ्याच्या आधी! म्हणजे चार-पाच महिने डोमाभाऊ ज्या बोर्डाची राखण करत होते तो तिथे नव्हताच. माझं डोकं सणकलं. "अन् त्यांना सांगितलं नाहीस? ते रोज समोर..."

"माहीत हाय मले. पयल्या दिवसापासून माहीत हाय."

"मग काहून नाही सांगितलंस, पोरी? निदान जीवाला स्वस्थता तरी मिळाली असती त्यांच्या!"

वर्षाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर टपरीवर दोघं-तिघं चहा पीत होते.

"सांगतलं असतं त मंग कायले आले असते ते?" ती म्हणाली. "बोलवाले माहं तोंड नाही उघडे, मॅडम. एवढ्या वर्षांत सवयच तुटली. शेजारच्या पाटलीनकाकूच्या हाती चाय पाठवू म्हणो, तेही नाही जमलं. ते मफलर बांधून, मान खाली घालून बसत. मिक्सर लावला का वर पाहत. तेवढंच तोंड दिसे मले त्याइचं. वाटाले काही नसलं त मी भांड्यात नुसतं पाणी टाकून लावो."

मी जवळ सरकले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. चौथीतल्या पोरीसारखी ती हुंदके देऊन रडली, आणि मीही रडले. बऱ्याच वेळाने, तोंड माझ्या पदरात तसंच ठेवून ती म्हणाली,

"त्या दिवशी साडेदहाले लावला, बाकड्यावर कोणी नव्हतं. म्हटलं गाडीले उशीर झाला असन. अकराले पुन्हा लावला. तुमचा फोन आला तवा तिसऱ्या खेपेले लावला होता."